दगडाची मोकळी बाजू

१७ जानेवारी १८९५ च्या ‘नेचर’ साप्ताहिकात डॉ. एच. वार्थ यांचे एक छोटे टिपण छापून आले. बंगळूरजवळच्या उघड्या कातळावरून तिथले दगडफोडे ग्रॅनाइटच्या भल्यामोठ्या फरशा कशा सोडवतात, ते त्यांनी उभे राहून पाहिले होते. सुरुंगाची दारू नव्हती, कसले यंत्रही नव्हते. हलक्या लाकडाचे वाळके ओंडके आणि हातोडा, एवढ्यावर काम चाले. सुरुवातीला साधारण सात फूट लांबीची जाळाची एक ओळ सपाट कातळावर पेटवायची. ती तिथेच जळू द्यायची आणि मधूनमधून हातोड्याने दगड ठोकून पाहायचा. आवाज बदलला की खालचा थर सुटला असे समजायचे आणि जळते ओंडके काही इंच पुढे सारायचे. पुन्हा ठोकायचे, पुन्हा सारायचे. जाळाची ओळ अशी लांबत, कमानीसारखी वाकत पुढे जाई. शेवटी तिची लांबी पंचवीस फुटांवर गेली.

आठ तास हे काम चालले. प्रत्यक्ष जाळ फिरला तो ४६० चौरस फुटांवर, पण तडा जाळाच्या पुढे दोन्ही अंगांना तीन-तीन फूट धावला आणि एकसंध सुटलेली फरशी भरली ७४० चौरस फुटांची. जाडी सरासरी पाच इंच. वार्थ यांनी हिशेबही मांडला आहे. लाकूड लागले सुमारे पंधरा हंड्रेडवेट, म्हणजे साडेसातशे किलोंच्या आसपास. आणि त्यावर सुटलेला दगड होता त्याच्या तीसपट वजनाचा. एक शेर लाकडाला तीस शेर ग्रॅनाइट. पुढे ही फरशी छिन्नीने कापून तिच्या पट्ट्या पाडायच्या. दक्षिण कर्नाटकात आजही शेताच्या कुंपणाला ग्रॅनाइटचे उभे खांब आणि जुन्या घरांना दगडी पाट्यांचे छत दिसते.

वार्थ यांच्या टिपणातला सगळ्यांत मोलाचा तपशील हातोड्याच्या आवाजाचा आहे. जाळ किती वेळ ठेवायचा हे घड्याळ सांगत नव्हते, दगड सांगत होता. थोडा वेळ कमी पडला तर थर सुटणार नाही. जास्त झाला तर दगड जागेवरच भाजून ठिसूळ होईल आणि फरशीऐवजी ढलप्या हाती येतील. पाच इंच जाडीचा थर खाली कुठेही तुटू न देता ७४० चौरस फूट उचलणे हे कारागिराच्या कानाचे काम होते.

आता दगडाच्या पोटात काय घडत होते ते पाहू. तापलेला थर पसरू पाहतो. पण त्याच्या चारी बाजूंना थंड कातळ आहे आणि तो जागा देत नाही. त्यामुळे वरचा थर आडव्या दिशेने आवळला जातो. ग्रॅनाइटचे प्रसरण आणि ताठपणा धरून स्थूल हिशेब केला, तर दोनशे अंश सेल्सिअसने तापलेल्या आणि बाजूंनी जखडलेल्या थरात दर चौरस सेंटिमीटरला हजार किलोंच्या घरात दाब तयार होतो. जमिनीखाली साडेतीन-चार किलोमीटरवर वरच्या खडकाच्या वजनाने जेवढा दाब पडतो, तेवढाच हा. फरक असा, की खोलवरच्या दगडाला सगळीकडून दाब असतो आणि कातळावरच्या थराला वर आकाश मोकळे असते. बाजूंना जागा नाही, खाली जागा नाही. मग थर मोकळ्या दिशेला उचलला जातो आणि तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा खालच्या दगडापासून वेगळा होतो.

दगडाचा स्वभावच असा दुहेरी आहे. चांगला ग्रॅनाइट दाबून फोडायचा तर दर चौरस सेंटिमीटरला दीड-दोन हजार किलोंचे ओझे लागते. तोच ओढून तोडायचा असेल तर त्याच्या दहाव्या-विसाव्या हिश्शात काम होते. म्हणून दगडाच्या कामातली जवळजवळ प्रत्येक जुनी युक्ती त्याला दाबायच्या निमित्ताने कुठेतरी ओढायला, फाकवायला लावते. पाचर हेच करते, छिन्नी हेच करते. आगही हेच करते. फक्त तिला पाचर ठोकायला भोक लागत नाही.

ग्रॅनाइटच्या बाबतीत आगीला आतूनही मदत मिळते. या दगडात क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रक यांचे दाणे एकमेकांत घट्ट बसलेले असतात, आणि प्रत्येकाची तापल्यावर फुगण्याची रीत वेगळी. क्वार्ट्झ त्यात सगळ्यांत उतावळा. ५७३ अंशांना त्याच्या स्फटिकाची मांडणीच बदलते आणि तोवर त्याचे आकारमान सुमारे साडेचार टक्क्यांनी वाढलेले असते. शेजारचे दाणे तेवढे फुगत नाहीत. दाण्यादाण्यांच्या सांध्यांत बारीक चिरा पडतात आणि थंड झाल्यावर त्या मिटत नाहीत. सह्याद्रीच्या काळ्या बेसाल्टात सुटा क्वार्ट्झ जवळजवळ नसतो, त्यामुळे आगीचे हे आतले साहाय्य तिथे मिळत नाही. अजिंठा-वेरूळच्या भिंतींवर छिन्नीच्या रेघा दिसतात त्या याच दगडावर. महाराष्ट्रातल्या पाथरवटाची भिस्त घण, पहार आणि सुतकीवर राहिली, यात दगडाच्या जातीचाही वाटा असावा.

आगीने दगड फोडण्याची युक्ती बंगळूरची एकट्याची नव्हे, आणि एकोणिसाव्या शतकातली तर नव्हेच. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त भूजल शोधण्यावरचा एक अख्खा अध्याय आहे. दगार्गल किंवा दकार्गल या नावाने तो ओळखला जातो. झाडे, वारुळे, मातीचा रंग यांवरून पाणी कुठे लागेल ते सांगून झाल्यावर वराहमिहिर एका अगदी व्यवहारी प्रश्नाकडे वळतो. विहीर खोदताना कातळ लागला आणि तो फुटेना, तर काय करायचे? पळस आणि टेंभुर्णीची लाकडे त्यावर रचून जाळ करावा, दगड आगीसारखा लाल झाला की त्यावर चुन्याचे पाणी शिंपावे, म्हणजे तो फुटतो. दुसरा उपाय मोख्याच्या आणि बोरूच्या राखेचे पाणी उकळून ते तापल्या दगडावर सात वेळा ओतण्याचा. तिसऱ्यात ताक, कांजी, मद्य, कुळीथ आणि बोरे सात रात्री भिजत घालून ते आंबट पाणी दगडावर शिंपायचे.

ही कृती वाचताना युरोपातला एक किस्सा हटकून आठवतो. इ. स. पूर्व २१८ मध्ये हानिबल आल्प्स ओलांडत असताना वाटेत खडक आडवा आला. त्याच्या सैनिकांनी झाडे तोडून मोठा जाळ केला आणि तापल्या खडकावर व्हिनेगर ओतून तो फोडला, असे रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. थोरला प्लिनी तर स्पेनच्या सोन्याच्या खाणींतली नित्याची रीत म्हणून आग आणि व्हिनेगर यांचा उल्लेख करतो, आणि पुढे जोडतो की बोगद्यात धुराने आणि वाफेने जीव गुदमरतो म्हणून लोक दीडशे पौंडी लोखंडी घणांनी खडक ठेचणेच पसंत करतात. भूमध्य समुद्राकाठचा खाणकामगार आणि उज्जैनचा ज्योतिषी, दोघांनाही तापलेल्या दगडावर साधे पाणी पुरेसे वाटले नाही. चुनखडीच्या दगडाला आंबट द्रव थोडे खातो हे खरे. पण ग्रॅनाइट किंवा क्वार्ट्झला ताकाचे सोयरसुतक नाही. खरे काम अचानक थंड होण्याचे आहे. वरची कातडी एकदम आक्रसते, आतला भाग अजून फुगलेला, आणि त्या ओढाताणीत आगीने आधीच पाडलेल्या चिरा उघडतात. आंबट पाण्याची ख्याती मात्र दोन्हीकडे टिकली. ज्या कृतीत सात रात्री भिजवलेले कुळीथ आहेत तिच्यावर माणसाचा विश्वास अधिक बसतो, ही गोष्ट वैद्यकापुरती मर्यादित नसावी.

ग्रंथांतल्या या कृतींचा प्रत्यक्ष माग दख्खनमध्येच सापडतो. रायचूर जिल्ह्यातले हट्टी हे गाव पूर्वी निजामाच्या राज्यात होते. तिथे आधुनिक कंपन्यांनी सोन्यासाठी खोदायला घेतले तेव्हा त्यांना आधीच्या माणसांच्या खाणी लागल्या, आणि त्या थोड्याथोडक्या नव्हत्या. काही ६४० फुटांपर्यंत खाली गेल्या होत्या. भिंतींवर हत्यारांच्या टोकदार खुणांऐवजी गुळगुळीत, गोलसर खळगे होते, आणि तळाशी राख नि कोळसा. आगीने फोडलेल्या खडकाची हीच ओळख. खाणीतल्या जुन्या लाकडाचे कार्बन पद्धतीने वय काढले गेले तेव्हा ते सुमारे एकोणीसशे वर्षांच्या आसपास भरले. म्हणजे सातवाहनांच्या काळात या पठारावर माणसे शेकडो फूट खोल उतरून जाळ करत होती.

हट्टीपासून जवळच मस्की आहे. १९१५ साली तिथल्या टेकडीवर सी. बीडन नावाच्या एका अभियंत्याला ब्राह्मी लेख दिसला. तो अशोकाचा निघाला, आणि ‘देवानांप्रिय’ या उपाधीसोबत ‘अशोक’ हे नाव ज्यात स्पष्ट आले आहे असा तो पहिला लेख ठरला. बीडन तिथे इतिहास शोधायला गेला नव्हता. तो सोने शोधत होता. मौर्यांचा लेख सोन्याच्या पट्ट्यातच सापडावा, यावरून मौर्यांना इथल्या सोन्यात रस असावा, असा तर्क बऱ्याच विद्वानांनी पुढे केला.

साडेसहाशे फूट खोल जाळ करणे ही कल्पना आज अंगावर येते. ओलसर अंधार, एकच तोंड, त्यात लाकडाचा धूर. जाळ पेटवायचा, वर यायचे, धूर निवळायची वाट बघायची, मग खाली जाऊन ढलप्या पाडायच्या. खाणीत जितके खोल जावे तितका धूर निघायला कठीण आणि लाकूड वाहून न्यायला महाग. तरीही ही रीत फार चिवट निघाली. स्लोव्हाकियातल्या बान्स्का श्च्यावनित्सा इथे ८ फेब्रुवारी १६२७ रोजी कास्पर वाइंडलने खाणीत पहिला बारूदी सुरुंग उडवला. आपल्याकडे त्या वर्षी शिवाजी महाराजांचा जन्मही झालेला नव्हता. पण नॉर्वेतल्या कॉन्ग्सबर्गच्या चांदीच्या खाणींत त्यानंतरही दोन शतकांहून अधिक काळ आगच वापरात होती. तिथे जंगल मुबलक होते आणि खडक कमालीचा कठीण; बारूद भरायचे भोक हाताने पाडण्यात जो वेळ जाई त्यापेक्षा जाळ स्वस्त पडे. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातून रेल्वेचे बोगदे खोदले गेले ते बारूद आणि पहारीवर. डायनामाइटचे पेटंट अजून चार वर्षे दूर होते.

अर्थात हजारो वर्षे आगीने दगड फोडला गेला तरी दगड का फुटतो हा प्रश्न फारसा कोणी मोजमाप घेऊन विचारला नव्हता. तो विसाव्या शतकाच्या तोंडाशी विचारला गेला, आणि त्याचे उत्तर वेगळ्याच दिशेने आले. पर्वतांत दगडाचे थर कागदासारखे दुमडलेले दिसतात. फुटणारा दगड दुमडतो कसा? माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात फ्रँक डॉसन ॲडम्स आणि जॉन निकल्सन यांनी संगमरवराचे दंडगोल लोखंडी नळ्यांत घट्ट बसवले आणि दोन्ही टोकांनी दाबले. काही प्रयोग थंड, काही तीनशे-चारशे अंशांना तापवून. १९०१ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. नळीच्या आवळात संगमरवर फुटला नाही, फुगला. त्याचा आकार बदलला, तरी तो दगडच राहिला. तापवलेला तर अधिकच सहज वाहिला.

दहा वर्षांनी ग्योटिंगेनमध्ये थिओडोर फॉन कार्मानने हाच प्रश्न अधिक काटेकोर केला. पुढे विमानशास्त्रात ज्याचे नाव गाजले तोच हा कार्मान, तेव्हा तिशीचा. त्याने कॅरारा संगमरवराच्या नमुन्याला चहूबाजूंनी द्रवाचा दाब दिला आणि मग वरून ओझे वाढवत नेले. बाजूचा दाब नसेल तेव्हा नमुना लवकर आणि एकदम फुटे. बाजूचा दाब वाढवत नेला तसतसा तो अधिक ओझे पेलू लागला, आणि पुरेशा दाबाखाली फुटेनासाच झाला. मधोमध फुगून बसका झाला. दगडाची ताकद ही त्या दगडाची एकट्याची मालमत्ता नसते, हे त्या आलेखांवरून दिसले. भोवतालच्या दाबाने ती वाढते, आणि आधार काढून घेतला की घटते. उष्णतेचेही तसेच आहे. चहूबाजूंनी आवळलेला दगड तापला तर मऊ होऊन वाहतो. एका बाजूने मोकळा दगड तापला तर फुटतो. बंगळूरच्या कातळावर दुसरी गोष्ट घडत होती, आल्प्सच्या मुळाशी पहिली.

मग भरपूर दाबाखाली असलेल्या दगडाला माणसाने अचानक मोकळी बाजू करून दिली तर? याचे उत्तर कोलारच्या सोन्याच्या खाणींनी दिले, आणि ते माणसांच्या जिवावर दिले.

कोलारचे सोने नवे नव्हते. १८०२ मध्ये सर्वेक्षणाला आलेल्या लेफ्टनंट जॉन वॉरनला उरिगाम आणि मारिकुप्पम भागातले लोक माती धुऊन सोने काढताना आणि जुन्या खड्ड्यांत उतरताना दिसले होते. १८७५ मध्ये मायकेल फिट्झजेराल्ड लॅव्हेल या आयरिश माजी सैनिकाने म्हैसूर सरकारकडून परवाना मिळवला, आणि १८८० पासून लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने जम बसवला. सुरुवातीची वर्षे तोट्याची गेली. पैसे संपत आले होते. नशीब उघडले ते प्राचीन खाणकामगारांनी जिथे हात टेकले होते तिथून खाली खोदल्यावर. चॅम्पियन लोड नावाची क्वार्ट्झची शीर लागली आणि तिच्यामागे खाणी खाली खाली जात राहिल्या. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रमहून दीडशे किलोमीटर लांब तारेने इथे वीज आली. तोवर बंगळूर शहरातही विजेचे दिवे नव्हते. पुढल्या काही दशकांत चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरच्या खाली पोहोचली आणि जगातल्या सर्वांत खोल खाणींत गणली जाऊ लागली.

इथला मुख्य खडक हॉर्नब्लेंड शिस्ट, काळपट, जड, अतिशय ताठ. तीन किलोमीटरवर त्याच्यावर दर चौरस सेंटिमीटरला आठशे-साडेआठशे किलोंचा भार असतो. खडक जागच्या जागी असेल तेव्हा हा भार निमूट पेलतो. चहूबाजूंनी आवळलेला आहे म्हणूनच पेलतो. मग माणूस शिरेतले सोने काढायला पोकळी करतो. पोकळीच्या भिंतीवरचा आडवा आधार एका क्षणात नाहीसा होतो आणि जो भार पोकळीतून जाऊ शकत नाही तो वळसा घेऊन भिंतींवरून जातो. १८९८ मध्ये जर्मन अभियंता एर्न्स्ट किर्शने दाखवून दिले होते की ताण पडलेल्या पत्र्यात गोल भोक पाडले तर त्याच्या काठावर ताण तिप्पट होतो. खाणीच्या भिंतीचेही गणित त्याच जातीचे. म्हणजे नेमक्या ज्या जागी खडकाची ताकद सर्वांत कमी, तिथेच ओझे सर्वांत जास्त.

मऊ खडक असता तर तो हळूहळू दबून आत आला असता. कोलारचा खडक ताठ आणि ठिसूळ. तो शेवटपर्यंत भार साठवत राहतो आणि मग एकदम सोडतो. भिंतीच्या पातळ पट्ट्या, कातळावरच्या फरशीसारख्याच भिंतीशी समांतर, सुटतात. फरक इतकाच की त्या उडत येतात. एका झटक्यात टनावारी दगड पोकळीत येतो, आणि त्याच्या धक्क्याने हवेचा लोट बोगद्यांतून धावतो. म्हणून सुरुवातीला याला ‘एअर ब्लास्ट’ म्हणत. नंतर ‘रॉकबर्स्ट’ हे नाव रूढ झाले. एकोणिसावे शतक संपण्याच्या सुमारास कोलारमध्ये या घटना नोंदल्या जाऊ लागल्या आणि खाणी जसजशा खोल गेल्या तसतशा त्या वाढल्या. सर्वांत वाईट प्रकार होता एकापाठोपाठ एक, कधी दिवसेंदिवस चालणाऱ्या स्फोटांचा. त्यात खाणीचा मोठा भाग एकदम बसे आणि वर वस्तीतल्या घरांच्या भिंतींना तडे जात. कोलारचा माणूस पायाखालची जमीन हलली की भूकंप आला असे म्हणत नसे. कुठल्या खाणीत काय झाले ते विचारी.

उपायांचा इतिहास हा शिकत जाण्याचा इतिहास आहे. सुरुवातीला लाकडी टेकू दिले गेले. ते चिरडले. मग वरच्या पठारावरून ग्रॅनाइटचे घडीव दगड खाली नेऊन त्यांच्या जाड भिंती रचल्या जाऊ लागल्या. पुढे पोकळ्या काँक्रीटने आणि भरावाने बुजवायला सुरुवात झाली. पण आधाराइतकेच महत्त्वाचे होते ते खोदण्याच्या क्रमाचे. आधारासाठी म्हणून मध्ये खडकाचे खांब राखायचे, ही पद्धत कमी खोलीवर शहाणपणाची. खोलवर तेच खांब घात करतात, कारण आजूबाजूची पोकळी वाढत जाते तसा सगळा भार त्या उरलेल्या खांबात गोळा होतो. शिरेला जिथे घड्या पडल्या होत्या तिथे सोने भरघोस होते, आणि नेमका तिथेच भार साचे. चॅम्पियन रीफचा नॉर्दर्न फोल्ड्स हा भाग या दोन्ही गोष्टींसाठी प्रसिद्ध होता.

उष्णतेची गंमत अशी, की तीन किलोमीटरवर तिचा दगडाला काही त्रास नव्हता. तिथल्या खडकाचे तापमान पासष्ट-सदुसष्ट अंश. ग्रॅनाइट किंवा शिस्टची ताकद ढळायला कित्येकशे अंश लागतात. त्रास होता तो तिथे काम करणाऱ्याला. उत्तर अर्काट आणि आसपासच्या तमिळ, तेलुगू मुलखातून आलेले हजारो मजूर या भट्टीत उतरत होते. हवा थंड करून खाली ढकलणारी मोठी यंत्रे नसती तर तिथे पाळी पूर्ण होणेही अवघड होते. कॉर्नवॉलहून आलेले साहेब, त्यांचे बंगले, क्लब, गोल्फ आणि ‘लिटल इंग्लंड’ ही बिरुदावली यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. खाली दगडाच्या आवाजावर कान ठेवून बसणाऱ्या मजुराबद्दल त्यामानाने फार थोडे. कडकड वाढली की बाहेर निघायचे, हा नियम त्याने कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता.

याच खोलीचा एका मराठी शहराला वेगळाच उपयोग झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५० च्या दशकाच्या आरंभापासून कोलारच्या खाणींत विश्वकिरणांचे मोजमाप सुरू केले. वरचा खडक इतर कणांना अडवतो, म्हणून खोल खाण ही आयती प्रयोगशाळा. १९६५ मध्ये २.३ किलोमीटर खोलीवर या संस्थेच्या, ओसाका आणि डरहॅम विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. जगातल्या अशा पहिल्या निरीक्षणांत त्याची नोंद आहे. खाणकामगाराच्या डोक्यावरचे जे ओझे जीवघेणे, तेच भौतिकशास्त्रज्ञाला छत्रासारखे.

रॉकबर्स्टचा अंदाज आधी लागावा म्हणून १९७८ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साहाय्याने कोलारमध्ये भूकंपमापकांचे जाळे बसवण्यात आले. मोठा स्फोट होण्यापूर्वी खडकात बारीक तडे जातात आणि प्रत्येक तड्याचा सूक्ष्म आवाज असतो. ते आवाज कुठून आणि किती वेगाने येतात ते टिपायचे. १९८८ मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ रॉक मेकॅनिक्स ही संस्था चॅम्पियन रीफलाच उभी राहिली. बंगळूरचा दगडफोड्या हातोडा मारून कानाने जे ऐकत होता, त्याचीच ही तारा-यंत्रांची आवृत्ती म्हणता येईल, पण एक मोठा फरक होता. दगडफोड्याला दगड सुटायला हवा होता.

२००१ च्या फेब्रुवारीअखेर भारत गोल्ड माइन्स लिमिटेडने खाणी बंद केल्या. पंप थांबले आणि शंभर-सव्वाशे वर्षांत खोदलेल्या बोगद्यांत पाणी चढू लागले. खोदकाम थांबले म्हणजे हादरेही थांबतील असे वाटणे साहजिक; तसे झाले नाही. पाणी चढत गेले तरी जमीन हलतच राहिली. इथे दाबाचा तिसरा चेहरा दिसतो. खडकाच्या चिरांत शिरलेले पाणी चिरेच्या दोन्ही अंगांना आतून रेटते. बाहेरच्या दाबाने चीर घट्ट मिटलेली असते आणि त्या घट्टपणामुळेच ती सरकत नाही. पाण्याचा रेटा तो घट्टपणा कमी करतो. खडकाची ताकद तीच, भारही तोच, पण त्याला जखडणारी पकड सैल झालेली.

महाराष्ट्राला ही गोष्ट ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कळली. कोयनेच्या शिवाजीसागरात पाणी साठायला लागून पाच-सहा वर्षे झाली होती, आणि छोटे धक्के तेव्हापासूनच जाणवत होते. त्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या भूकंपात कोयनानगर कोसळले. मृतांचा आकडा दोनशेच्या घरात गेला. धरणाच्या पाण्याचे वजन आणि खडकात खोलवर झिरपलेल्या पाण्याचा दाब यांनी आधीच ताणलेली भ्रंशरेषा सरकली, या निष्कर्षाला आज जगभर मान्यता आहे. कोयनेचे धक्के आजही पूर्णपणे थांबलेले नाहीत, त्यामुळे अशा भूकंपांच्या अभ्यासाचे ते जगातले मुख्य ठिकाण बनले.

त्याच अभ्यासासाठी कराडजवळ हजारमाची इथे प्रयोगशाळा उभारली गेली आणि गोठणे गावापाशी तीन किलोमीटर खोल विवर खणण्यात आले; २०१७ मध्ये ते पुरे झाले. पहिला सव्वा किलोमीटर सगळा बेसाल्ट, आणि मग एकदम ग्रॅनाइटी खडक, कोट्यवधी वर्षे लाव्ह्याखाली गाडला गेलेला. खोली जवळजवळ कोलारच्या खाणीइतकीच, पण विवर वीतभरापेक्षा फारसे रुंद नाही आणि आत माणूस उतरत नाही. खालच्या खडकावर किती दाब आहे ते मोजण्यासाठी विवराचा छोटा टप्पा दोन्ही बाजूंनी बंद करतात आणि त्यात पंपाने पाणी कोंबतात. दाब वाढत वाढत जातो आणि एका क्षणी भिंत तडकते. पंप बंद केल्यावर तडा पुन्हा मिटतो. मिटताना पाण्याचा जो दाब नोंदला जातो त्यावरून भोवतालच्या खडकाने त्याला किती जोराने आवळले आहे ते काढतात. मग पुढचा टप्पा, पुन्हा एक तडा.